बोक्याचा लळा

११ ऑक्टोबर

बोक्यानं आज माझ्या हातून खाल्लं. शेवटी!

उकडलेली कलेजी. रुमालात बांधून नेली होती, खिशाला अजून वास येतोय. कुत्री फिरवताना साखर पुढे मास्तरांशी गप्पा मारत चालली होती. मी मागे राहिले, चपलेत खडा गेल्याचं सोंग केलं, वाकले, हात पुढे केला. त्यानं आधी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खाल्लं — आणि तळहात चाटून साफ केला.

तिचा कुत्रा. नाव बोका, हीही तिचीच कल्पना. पिल्लू असताना मांजरासारखा दिसायचा म्हणे. आता वासराएवढा झालाय, तरी बोकाच.

१२ ऑक्टोबर

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून टाकते. पुढे मन पातळ झालं तर वाचायला बरं.

साखर हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. कोपऱ्यावर फुलांचं दुकान आहे तिचं. बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. मैत्रीण शाळेपासूनची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, दुपारची मी बसत जाईन काकूंपाशी, तू तुझे धडे बुडवू नकोस. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, दुपारी माझ्या गाडीला सगळ्यात जास्त गर्दी. उपकारच होते. जन्मभर विसरणार नाही, असं म्हटलंही होतं मी तिला.

विसरलेले नाहीच.

पहाटे उठून आईला पुसायचं, ते मी. कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चादरी धुवायच्या, मी. औषध थुंकलं की परत पाजायचं, मी. आणि ही यायची चार फुलं घेऊन, उशाशी बसायची, आईचे केस विंचरायची — आणि आई हसायची. माझ्यासमोर आईचं तोंड शिवलेलं. हिच्यासमोर धबधबा. एखादा धडा रद्द झाला की मी लवकर यायचे आणि दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. माझ्याच घरात, चोरासारखी. आत पाऊल टाकलं की आई गप्प.

डोकं शाबूत होतं तिचं. डॉक्टर म्हणायचे, वय झालं, थोडं मागेपुढे होणारच.

मामा बघायला आला तेव्हा आई साखरेचा हात धरून म्हणाली, "ही माझी लेक. हिच्यामुळे दिवस जातात." मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी. मामाला मजा वाटली. त्यानं माझ्याकडे बोट केलं, "आणि ही कोण मग?" आईनं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "ह्यांचाही फार उपयोग होतो."

उपयोग! खराट्याचाही होतो. आणि वर अहो-जाहो. लहानपणीही रागावली की मला अशीच अहो-जाहो करायची, दिवसदिवस. मऊ सुरी होती आई.

गेली तेव्हा मी गाडीत होते, एका पोस्टमनला चढावर गाडी थांबवायला शिकवत. साखर होती तिच्याजवळ. मी विचारलं, शेवटी काही म्हणाली का? "काही नाही गं. झोपेतच गेली." हे बोलताना नजर खाली. अख्खं आयुष्य शेजारच्या सीटवर बसून काढलंय मी. आरशात बघितलं म्हणणाऱ्यानं बघितलेलं नसतं, हे मला मान न वळवता कळतं. आई काहीतरी म्हणाली होती. ते तिनं स्वतःकडे ठेवलं.

आणि लोक आले ते तिचं सांत्वन करायला. ती रडत होती ना. माझे डोळे कोरडे. शेजारीण माझ्यासमोर म्हणाली, "लेकीच्या वरताण केलं हो हिनं."

माझं माणूस गोड बोलून नेलं. तिच्या घरी आहे कोण? नवरा नाही, मूल नाही. एक बोका.

१६ ऑक्टोबर

गुरुवारी साखर उजाडताच फुलांच्या बाजारात जाते, बोका घरी एकटा. मी म्हटलं, माझ्याकडे सोडत जा की. तिचे डोळे भरून आले. "तू आहेस म्हणून गं."

हो. मी आहेच.

१७ ऑक्टोबर

आज एका शिकाऊ बाईंनी दुधाच्या गाडीला घासलं. मी वेळेवर ब्रेक दाबला नाही. शिट्टीचा सराव करत होते.

२६ ऑक्टोबर

हळू शिट्टी, ओठ जेमतेम हलतील इतकी. त्याला पुरते. मैदानाच्या पलीकडे असला तरी कान ताठ, आणि निघालाच. साखर दुसरीकडे हाका मारत बसते. "कुठे गेला गं हा?" मी म्हणते, कुणास ठाऊक.

आज मैदानावर चहा पिताना मास्तरांनी सहलीचं काढलं. मास्तर म्हणजे भूमितीचे मास्तर, निवृत्त. त्यांच्या लठ्ठ, आखूड पायांच्या कुत्र्याचं नाव प्राचार्य. नोकरीत असताना ज्याच्यावर ओरडता आलं नाही, त्याच्यावर आता सकाळ-संध्याकाळ ओरडतात. म्हणाले, प्राचार्यांना हवापालट हवाय, आपण समुद्रातल्या किल्ल्यावर जाऊ. नावेनं जायचं, डबे न्यायचे, संध्याकाळी परत. चारी बाजूंनी तट आहे, कुत्र्यांना बिनधास्त मोकळं सोडता येईल.

डेंटिस्टबाई लगेच तयार. तिची ती टीचभर कुत्री, चिमटा, दिसेल त्याला चावते. गिऱ्हाइकं कमी पडत असतील.

मग मास्तर म्हणाले, "तिथं गंमत करू. सगळ्यांना एकदम सोडायचं आणि बघायचं, कोण कुणाकडे जातं."

मी मागितलंही नव्हतं, आणि हे समोर वाढून आलं!

३० ऑक्टोबर

गुरुवार. बोका आला, दोन भाकऱ्यांएवढी कलेजी खाल्ली, आणि मी कपडे इस्त्री करत असताना माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला. पायाला मुंग्या आल्या. पाय काढला नाही.

नंतर १२ तारखेचं पान पुन्हा वाचलं.

१ नोव्हेंबर

उद्या. कलेजी उकडली. नवा रुमाल काढला.

२ नोव्हेंबर

सगळं लिहिते.

सकाळी धक्क्यावर सगळे वेळेवर. दोन लहान नावा ठरवलेल्या, एकीत सगळे मावत नाहीत. जाताना मी आणि साखर एका नावेत, बोका आमच्या मधोमध. तिला पोहता येत नाही, कड घट्ट धरून बसली होती. पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे. नेहमीच तसा धरते. एवढा मोठा कुत्रा ओढतो म्हणून. "काकूंना आणायला हवं होतं एकदा," ती म्हणाली. "त्यांना समुद्र फार आवडायचा, सांगायच्या मला."

मला कधी सांगितलं नव्हतं.

किल्ला म्हणजे तट, आत गवत, छप्पर नसलेल्या खोल्या. एक तोफ, तिच्यावर लोकांनी आपापल्या जोडीची नावं कोरलेली. मधल्या चौकात गोड्या पाण्याचं टाकं. चौफेर खारं पाणी आणि मध्ये गोडं, म्हणून मास्तर पाच मिनिटं भाषण करत होते. प्राचार्य टाक्यात पडता पडता वाचले.

डबे उघडायच्या आधी मास्तरांनी गंमत मांडली. आम्ही सगळे एका भिंतीला पाठ लावून बसलो, अंतर ठेवून. दोन्ही नावाडी पलीकडच्या कमानीत कुत्रे धरून उभे. मास्तरांनी हात खाली केला.

प्राचार्य जागचे हलले नाहीत. बसून जांभई दिली. चिमटा सरळ डब्यांवर. आणि बोका सुटला बाणासारखा. साखरेनं दोन्ही हात पसरले, "ये रे माझ्या राजा!" तो तिच्या हाताखालून गेला आणि माझ्या छातीवर येऊन आदळला. मी उताणी. तोंड चाटून काढलं माझं. शिट्टीसुद्धा वाजवावी लागली नव्हती.

मास्तर हसून हसून लाल. "अहो फुलवाल्या बाई, तुमचा सरदार फितूर झाला! किल्ले असेच पडतात."

सगळे हसले. साखरही हसली. हात मात्र तसेच पसरलेले राहिले. मिटायचे विसरली होती.

गार वाटलं मला. खरंच गार. किती महिन्यांनी.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. जेवताना तिनं त्याला आपल्या डब्यातलं बोलावून दिलं. त्यानं खाल्लं आणि परत माझ्या पायाशी येऊन बसला. ती म्हणाली, "तुझ्याकडे शांत असतो बघ. बरं झालं." ना राग, ना डोळ्यांत पाणी. मला ती रडायला हवी होती. मी ट्रे घेऊन उभी होते ना, तशी ती कुठेतरी उभी राहायला हवी होती, रिकामी. आणि ही म्हणते बरं झालं!

परतताना मी मुद्दाम पहिल्या नावेत चढले, मास्तर आणि प्राचार्यांबरोबर. साखर, बोका आणि डेंटिस्टबाई दुसऱ्या नावेसाठी उतरणीच्या पायऱ्यांवर थांबल्या. खालच्या पायऱ्यांवर शेवाळं. आमची नाव सुटली. बोका कुईकुई करायला लागला, पुढे ओढायला लागला. ती त्याला समजावत होती.

मी शिट्टी वाजवली. हळू. एकदाच.

त्यानं उडी मारली. पट्टा तिच्या मनगटाला होता — हे मला माहीत होतं. माहीत होतं की नव्हतं? सकाळी बघितलं होतं मी. ती पायरीवर आपटली आणि तशीच ओढली गेली पाण्यात. ओरडली पण नाही. डेंटिस्टबाई ओरडली.

नावाड्यानं नाव वळवली. पट्टा कधी सुटला कोण जाणे, बोका आमच्याकडे पोहत येत होता, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर ती, कधी डोकं वर, कधी फक्त हात. नाव मधे आली. दोघं एकाच वेळी माझ्या हाताशी होते.

मी बोक्याचा गळपट्टा धरला.

मास्तरांनी तिला धरलं. सत्तरीचा माणूस, अर्धा नावेबाहेर लोंबकळत होता, तिच्या वेणीला हाताचा विळखा घालून. नावाड्यानं काखेत हात घालून ओढून घेतलं. ओठ निळे. उजवा हात भलतीकडे वळलेला. पाणी ओकली, आणि पहिला शब्द — "बोका?"

बोका माझ्या मांडीवर होता.

धक्क्यावर उतरलो. मग मास्तर म्हणाले, माझ्याकडे न बघता, "मला वाटलं, कुणी शिट्टी वाजवली."

"वारा होता," साखर म्हणाली. दात वाजत होते तिचे. "आणि मीच पट्टा नीट धरला नव्हता."

वारा नव्हता.

३ नोव्हेंबर

मनगटाचं हाड मोडलंय. प्लॅस्टर. दवाखान्यात गेले नाही, धडे आहेत म्हणून निरोप दिला. डेंटिस्टबाईनं संध्याकाळी सांगितलं, साखर म्हणतेय, बोका तुमच्याकडेच राहू दे, तिच्या एका हातानं तो आवरायचा नाही.

म्हणजे जिंकले. कुत्रा माझ्या घरात, आणि तो तिनं आपण होऊन दिलेला.

४ नोव्हेंबर

पोटभर जेवतो. पसरून झोपतो. दारावर पाऊल वाजलं तरी मान वर करत नाही. मला वाटलं होतं निदान एक दिवस तरी तिची आठवण काढेल, दाराशी जाऊन बसेल. छे! तिनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. आजारी होता तेव्हा दुकान बंद ठेवून मांडीवर घेऊन बसायची. आणि हा इथं कलेजीवर विकला गेला.

"कृतघ्न मेल्या," मी म्हटलं त्याला. शेपटी हलवली.

मला त्याचा राग आलाय. तिच्या वतीनं. हे काय भलतंच.

५ नोव्हेंबर

तो चढावरचा पोस्टमन लायसन्सची परीक्षा पास झाला. पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन आला. म्हणाला, बाई, तुम्ही शेजारी नसताना चढावर गाडी थांबवायची भीती वाटते अजून. मी म्हटलं, मलाही.

६ नोव्हेंबर

बोक्याला घेऊन तिच्याकडे गेले. ठरवलं होतं, दारात पट्टा हातात देऊन निघायचं. ती एका हातानं केस बांधायचा प्रयत्न करत होती, दातांत रबर. बोक्यानं तिला चाटलं, तिच्या भोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि येऊन माझ्या पावलावर बसला. तिच्या घरात, तिच्यासमोर.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "लळा लागलाय त्याला तुझा."

तिथं माझा तोल गेला. "भांड की माझ्याशी! मी लावलाय लळा. मुद्दाम. महिनाभर कलेजी चारून."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"तुझ्या खिशाला वास येतो गं. सगळ्यांना माहितीय. मास्तर तर म्हणायचे, प्राचार्यांनाही थोडी मिळाली तर बघा."

"आणि शिट्टी?"

"ती पण ऐकली." तिनं रबर तोंडातून काढलं. "पाण्यात पडायच्या आधी ऐकली. तेव्हा तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. बुडतानासुद्धा येत होता."

"मग वारा होता असं का म्हणालीस? का नाही सांगितलंस सगळ्यांना? आधी माझ्या आईला गोड बोलून घेतलंस, आता हा चांगुलपणा! मला नकोय तुझा चांगुलपणा. माझी आई होती ती. तिनं मला एकदा जवळ बोलावलं नाही, आणि तुझं मात्र केस विंचरणं आणि ही माझी लेक, ही माझी लेक—" पुढे काय काय बोलले आठवत नाही. तिच्या शेजारणीनं खिडकी उघडली, एवढं आठवतंय.

ती ऐकत होती. चेहरा उतरत उतरत पांढरा पडला. किल्ल्यावर मला जो बघायचा होता, तो आज बघायला मिळाला.

"तू दाराबाहेरून ऐकायचीस?" एवढंच म्हणाली. "म्हणजे शब्द कळायचे नाहीत. नुसतं हसणं ऐकू यायचं तुला."

मी म्हटलं, तेवढं पुरेसं होतं. आणि निघाले. तिचे केस मोकळेच होते. बांधून द्यावेत असं एकदा मनात आलं, तेही लिहून ठेवते.

बोका माझ्या मागे आला.

७ नोव्हेंबर

साखर आली होती. बसली नाही. दारात उभी राहून सगळं एका दमात बोलली.

आई तिला माझ्या नावानं हाक मारायची. पहिल्या आठवड्यापासून. "एकदा मी सांगितलं, काकू, मी ती नव्हे. तर इतक्या घाबरल्या — मग माझी मुलगी कुठे गेली? रडायलाच लागल्या. दुसऱ्या दिवसापासून मी तूच झाले. तुझ्या शाळेतल्या गोष्टी सांगायचे, त्या हसायच्या. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते? आणि मलाही ते आवडायला लागलं होतं गं. माझ्या आईनं मला कधी तसं जवळ घेतलं नाही."

मी विचारलं, आणि मी कोण होते तिच्या लेखी?

"कामाला येणाऱ्या बाई." ती खाली बघत होती. "शेवटचंही तेच बोलल्या. त्या बाई सकाळपासून राबतायत गं, म्हणाल्या. त्यांना आधी जेवायला वाढ."